वेबसाईट दिव्यांगांना वापरता यावी याची सक्ती पाहिजे का नको?

परभणीकर:
माझ्या काकाला दिसत नाही, तरी टॉकबॅक (फोनवरचं वाचून दाखवणारं ॲप) लावून व्हॉट्सॲप, बातम्या समदं स्वतः बघतो. पण पोराचा कॉलेजचा फॉर्म भरायला बसला अन् अडकला. रकान्यांना लेबलच नाही, फोन नुसता "एडिट बॉक्स, एडिट बॉक्स" म्हणायला. शेवटी चित्रातला कॅप्चा (माणूसच आहे का हे बघायला चित्रातली अक्षरं टाईप करायची), आवाजाचा पर्याय नाही. अरे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, सुप्रीम कोर्टानं 30 एप्रिल 2025 ला डिजिटल सेवा वापरता येणं हे राज्यघटनेच्या कलम 21 च्या जगण्याच्या हक्कात धरलंय. मग सक्ती कामून नको?

लातूरचा वेबवाला:
मी विरोधात आहे. आडत दुकान, कोचिंग क्लासच्या साईटी करतो, आठ-दहा हजारात काम, त्यात हे बसवायचं कुठं? सरकारी साईटला लावा ना. आडत्याला नोटीस आली तर तो साईट बंद करून फेसबुक पेजवर भागवील, मग कुणालाच फायदा नाही.

नांदेडची ताई:
दादा, कायद्यात खासगी सेवा देणारेही येतात, कलम 46 वाचा. अन् खर्चाचं म्हणाल तर मी टेस्टिंगच करते. लेबल, फोटोचं वर्णन हे बनवतानाच एकेका ओळीचं काम. अक्षर अन् मागचा रंग यांचा फरक 4.5 ला 1 पाहिजे, तपासायची टूल फुकट आहेत, कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवणारा एनव्हीडीए स्क्रीन रीडर पण फुकट. माऊस बाजूला ठेवा अन् टॅब दाबत फॉर्म भरून बघा, बऱ्याच चुका तिथंच सापडतात. पैसा लागतो तो नंतर उकरून दुरुस्त करायला.

लातूरचा वेबवाला:
नव्याचं मान्य. पण जुन्या साईटवर कृतीदेव या जुन्या फॉन्टमधला मजकूर अन् स्कॅन केलेल्या पीडीएफ पडल्यात, ते कोण टाईप करणार? अक्षर मोठं करायचं रेडिमेड विजेट लावलं तर चालंल का?

नांदेडची ताई:
नाही चालत. कृतीदेवमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, स्क्रीन रीडर ती वाचतो, कानावर भलतंच येतं. स्कॅन म्हणजे त्याला नुसता फोटो. विजेटनं यातलं काहीच सुधरत नाही. जुन्या फॉन्टचा मजकूर खऱ्या मराठी अक्षरांत बदलणारा युनिकोड कन्व्हर्टर वापरा, आधी फॉर्म अन् नोटिसा घ्या, बाकी हळूहळू.

लातूरचा वेबवाला:
कॉलेज, बँक, पीक विमा यांना सक्ती करा, माझी ना नाही. छोट्या दुकानदाराला दंड मात्र मला अजून पटत नाही.

परभणीकर:
दंडाचं राहू द्या बाजूला. पण दिसत नसलेल्या शेतकऱ्यालाही सोयाबीनचा भाव बघायचाच असतो की, अन् तो आडत्याच्याच साईटवर असतो. नवीन साईट करताना तेवढं तरी कराच.