मदत हवी आहे: समुद्राला घाबरणाऱ्या तीन वर्षांच्या लेकीसोबत दापोली ते गणपतीपुळे

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून स्वतःच्या गाडीने कोकणात जायचं ठरतंय. आम्ही दोघं, सव्वातीन वर्षांची लेक आणि सासूबाई. हातात पाच रात्री आहेत. हॉटेलांची नावं नेटवर सापडतात. मला विचारायचंय ते जरा वेगळं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही एका किनाऱ्यावर गेलो होतो. लेक पाण्याच्या कडेला समुद्राकडे पाठ करून शिंपले वेचत होती. मी हाताच्या अंतरावर होते. एक मोठी लाट आली आणि ती आडवी पडली. दोन सेकंदांत मी तिला उचललं, पण नाकातोंडात वाळू गेली होती आणि ती थरथरत होती. त्या दिवसापासून अंघोळीला डोक्यावर तांब्या घेतला तरी ती माझा हात घट्ट धरते. टीव्हीवर समुद्र दिसला की म्हणते, "तिथे नको, तिथे पायाखालची वाळू पळते." लाट आली असं ती कधीच म्हणत नाही, दरवेळी वाळू पळते असंच म्हणते.

माझं आजोळ कोकणातलं. माझं सगळं लहानपण पुळणीवर गेलं. तिच्या मनात समुद्र म्हणजे भीती एवढंच राहू नये असं मला फार वाटतं. जबरदस्ती अजिबात करायची नाही. ती लांब बसून नुसती बघत राहिली तरी चालेल.

आता प्रश्न:

दापोलीजवळचं मुरुड (महर्षी कर्वे लहानाचे मोठे झाले ते, जंजिऱ्याचं नव्हे), कर्दे, आंजर्ले, गुहागर यांपैकी कुठला किनारा इतक्या लहान मुलीसाठी बरा? पाणी उथळ, उतार कमी आणि गर्दी बेताची असावी.

सासूबाईंना गणपतीपुळ्याला दर्शन घ्यायचंच आहे. त्यांचे गुडघे दुखतात. डोंगराची प्रदक्षिणा जमणार नाही हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. दापोलीहून तिथपर्यंत फेरीबोटीने जाणं बरं, की चिपळूणवरून वळसा घालून?

लेकीला घाटात गाडी लागते. ताम्हिणीत मागच्या वेळी तीनदा थांबावं लागलं.

आणि शेवटचं. कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ते तिला दाखवावं का? की लाटेत शिरणारी पिल्लं बघून ती आणखी घाबरेल?

प्रतिसाद १ (दापोली तालुक्यातून)

ताई, लेक बरोबर सांगतेय. किनाऱ्याला उतार असला की परतणारं पाणी जोरात ओढतं आणि टाचेखालची वाळू खरवडून नेतं. मोठ्यांना त्यात मजा वाटते, लहान मुलाचा तोल जातो. कर्दे-मुरुडची पुळण सपाट आणि घट्ट आहे. मी तिथेच राहायला सांगेन.

पण किनाऱ्याइतकीच वेळही महत्त्वाची. आमच्याकडचा जुना हिशेब असा: त्या दिवसाची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जे येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ, आणि तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. सात ते दहा तुम्हाला ऐसपैस वाळू मिळेल. पौर्णिमा किंवा अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराला, म्हणजे ओहोटी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, आणि पाणी खूप आत गेलेलं असतं. अष्टमी-नवमीची ओहोटी भर दुपारी येते, ती तुमच्या कामाची नाही. तिथे गेल्यावर गावातल्या माणसाला वेळ एकदा विचारून घ्याच. पाणी वळलं की मुलीला घेऊन वर या.

पाणी उतरल्यावर ओल्या वाळूवर बारीक कुर्ल्या भोकातून बाहेर येतात आणि मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या करून भोकाभोवती मांडतात. लांबून रांगोळी घातल्यासारखं दिसतं. पहिल्या दिवशी तिला पाण्याकडे नेऊच नका. तिथे उकिडवं बसून या कुर्ल्या दाखवा. पावलं वाजली की त्या आत पळतात, गप्प राहिलं की परत येतात. माझी पुतणी त्या नादात तासभर बसते.

प्रतिसाद २ (गुहागर आजोळ)

फेरीबोटीनेच जा. दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीची खाडी, आणि पुढे तवसाळ ते जयगड ही शास्त्रीची. गाडी बोटीवर चढली की उतरून कठड्याशी उभं राहता येतं. खाडीचं पाणी शांत असतं, लेकीला कडेवर घेऊन दाखवा. गाडी लागणाऱ्या मुलांना मध्येच मिळणारा हा वारा फार बरा पडतो. मधली एक रात्र गुहागरला काढा, एका दिवसात सगळं ओढू नका.

गणपतीपुळ्याला देऊळ अगदी समुद्राला लागून आहे, सासूबाईंचं दर्शन सोपं होईल. पण तिथल्या पाण्यात कुणीच उतरू नका, मोठ्यांनीही नाही. तिथे पोहणारी माणसं बुडालेली आहेत. लेकीचं खेळणं आधीच्या गावांतच उरकून घ्या.

घाटाचं म्हणाल तर पहाटे निघा. निघताना दूध देऊ नका, कोरडं काहीतरी थोडंसं द्या. औषध द्यायचं असेल तर तिच्या डॉक्टरांनाच विचारून.

प्रतिसाद ३

कासवं जरूर दाखवा. त्यासाठी कासवांकरता प्रसिद्ध असलेल्या वेळास गावाला जायची गरज नाही, आंजर्ल्यालाही पिल्लं सोडतात आणि ते मुरुडहून जवळ आहे. कुंपणातल्या घरट्यांवर टोपल्या असतात, त्या सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. पिल्लू निघेलच असं नाही, म्हणून तिला आधीपासून कबूल करू नका. दोरीच्या मागे उभं राहायचं, हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. पिल्लं तळहातापेक्षा लहान असतात. लाटेने मागे ढकललं की उलटीपालटी होतात आणि पुन्हा चालू लागतात. माझा मुलगा चार वर्षांचा होता, सारखा "अजून एकदा जा" म्हणून त्यांना सांगत होता.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद वाचून दाखवले तर लेकीने कुर्ल्यांबद्दल दोनदा विचारलं, "त्या चावतात का?" म्हणजे मनात काहीतरी हललंय.

आता असं ठरवतेय: मुरुडला तीन रात्री, गुहागरला एक, गणपतीपुळ्याला एक. कॅलेंडर काढून तिथी बघून तारखा पक्क्या करते. मुरुड-कर्द्याला पुळणीपासून चालत जाता येईल, जिना चढावा लागणार नाही आणि सकाळी लेकीला मऊभात मिळेल असं घरगुती राहण्याचं ठिकाण कुणाला माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. आणि परतीला गणपतीपुळ्याहून कुंभार्ली घाट घ्यावा की आंबा? लेकीच्या पोटाला कुठला सोसेल?