जुलाब थांबवायची गोळी लगेच द्यावी का?

प्रश्न: मोठ्या माणसाला कालपासून पाण्यासारखे जुलाब, मधूनच उलटी. ओआरएस प्यायलं की बाहेर पडतं. लोपेरामाइड द्यावी का? डॉक्टरकडे कधी न्यायचं?

उत्तर १: गोळीचं नंतर, आधी पाणी. उलटी झाली की १० मिनिटं थांबा, मग दर मिनिटाला एक-दोन चमचे. घटाघटा ग्लासभर प्यायलं की पोट ते परत फेकतं. १ लिटरची पुडी पूर्ण १ लिटर पाण्यातच घाला, अंदाजाने चिमूटभर ग्लासात नको. पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर ६ छोटे सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा. मीठ वाढलं तर अपाय होतो. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

उत्तर २: ती साखर चवीसाठी नसते बरं का! आतड्यात साखरेतलं ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीने शोषले जातात, त्यांच्यामागे पाणी जातं. कोल्डड्रिंकमधली भरमसाट साखर उलट आतड्यात पाणी ओढते, जुलाब वाढतात.

उत्तर ३: ताप किंवा शौचात रक्त असेल तर लोपेरामाइड अजिबात नको. लहान मुलांनाही परस्पर देऊ नका.
१०२ फॅरनहाइटच्या वर ताप, रक्त, ८ तास लघवी नाही, उभं राहताच चक्कर, पोटात सतत तीव्र दुखणं, यातलं काहीही दिसलं तर आजच डॉक्टर. २ दिवसांत उतार नसेल तरीही. मुलं, वृद्ध, गरोदर बाई असेल तर एक दिवससुद्धा काढू नका.

उत्तर ४: शी काळी झाली तर लोहाच्या गोळ्या चालू आहेत का बघा, त्यांनीही रंग बदलतो. डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असेल तर मात्र तडक हॉस्पिटल.