मदत हवी आहे : ‘ऋण सोडले आहे’ या ओळीवर अडते

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

मी मूळची नगरची. लग्न होऊन इंदूरला आले त्याला २९ वर्षं झाली. यांच्या घरी मराठीच बोलतात, पण आमच्या चर्चची उपासना हिंदीतून होते. हे जाऊन येत्या पावसाळ्यात तीन वर्षं होतील. मुलगी पुण्याला नोकरीत आहे.

अडचण अशी आहे. प्रभूची प्रार्थना चर्चमध्ये हिंदीत म्हणतात, तिथे ‘अपराध’ असा शब्द आहे. तो मी सगळ्यांबरोबर म्हणून जाते. रात्री घरी मात्र मराठीत म्हणते, आईने तशीच शिकवली. ‘आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ इथपर्यंत आले की तोंडच उघडत नाही. देवासमोर खोटं बोलतेय असं वाटतं.

कारण माझा ऋणी मला चांगला माहीत आहे. वडील वारल्यावर दादाने हक्कसोडपत्र पुढे ठेवलं. म्हणाला, घर कुणाच्याही नावावर असो, माहेर तुझंच. मी आनंदाने सही केली, हिस्सा मला नकोच होता आणि आजही नको आहे. यांच्या मातीला दादा सकाळी आला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. पुढे एक फोन नाही. पहिल्या नाताळला मीच विचारलं, चार दिवस येऊ का? वहिनी म्हणाल्या, यंदा घरात गर्दी आहे. बरं म्हणून मी फोन ठेवला. हे वाक्य आजही भाकरी थापतानासुद्धा कानात येतं.

आणि रविवार फार जड जातो. बाकावर यांच्या जागेवर मी पर्स ठेवते. गेल्या महिन्यात एका बाईंनी विचारलं, ‘यहाँ कोई बैठा है?’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘हाँ, आ रहे हैं.’ त्या मागे जाऊन बसल्या. संपूर्ण उपासनेत मी मान वर केली नाही.

प्रार्थना कर, वचन वाच, हे सगळे सांगतात. करते, वाचते. मला कुणीतरी हे सांगा की क्षमा केली म्हणजे दादाला फोन करायलाच हवा का? आणि मनातून गेलेलं नसताना ती ओळ म्हणावी की गाळावी? एकटेपणावर वाचण्यासारखा एखादा भाग असेल तर तोही सांगा. इंदुरात कुणी मराठीत प्रार्थनेला जमत असेल तर फार बरं होईल.

प्रतिसाद १

ताई, सलाम. मी निवृत्त पाळक आहे, संगमनेरकडचा. ती ओळ गाळू नका. वाटल्यास अडखळत म्हणा, पण म्हणा.

फोनबद्दल बायबलमधल्या योसेफाकडे पाहा, त्याला तर भावांनीच विकलं होतं. भाऊ धान्य न्यायला आले तेव्हा त्याने पहिल्याच भेटीत गळ्यात गळे घातले नाहीत. बाजूला जाऊन रडला, त्यांना पारखलं आणि मग उत्पत्तीच्या ४५व्या अध्यायात ओळख दिली. मनातून सोडणं तुमच्या एकटीच्या हातात आहे, नातं पुन्हा जुळायला मात्र दोघं लागतात. आणखी एक पाहा. त्यांचा बाप याकोब मिसरात (इजिप्तमध्ये) १७ वर्षं राहून वारला, तेव्हा आता हा सूड घेईल म्हणून भाऊ पुन्हा घाबरले आणि योसेफाला पुन्हा धीर द्यावा लागला. इतक्या वर्षांनी! तेव्हा एकदा सोडलेलं परत वर आलं म्हणजे तुमची क्षमा खोटी होती, असं समजू नका.

वाचायला दोन भाग. स्तोत्र ५५ मध्ये दावीद म्हणतो, वैऱ्याने केलं असतं तर सोसलं असतं, हा तर माझा सोबती. दुसरा २ तीमथ्य ४, म्हणजे प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र. पौल कैदेत आहे, सोबती देमास सोडून गेलाय, पहिल्या जबाबाच्या वेळी कुणी बाजूने उभं राहिलं नाही. हे त्यांच्याकडून मोजलं जाऊ नये, अशी तो प्रार्थना करतो आणि प्रभू जवळ उभा राहिला म्हणतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. लवकर ये, मार्काला घेऊन ये, त्रोवसात राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, हिवाळ्याच्या आत ये, असं लिहितो. प्रभू जवळ असतानाही त्याला माणूस हवा होता, आणि त्याने तसं मागितलं. तुम्हीही मागा. इथे लिहिलंत तीच सुरुवात.

प्रतिसाद २

ताई, मी इंदूरचीच, विजयनगरला राहते. आम्ही पाच जणी बुधवारी संध्याकाळी एकीच्या घरी जमतो. प्रार्थना, रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं आणि नंतर चहा-पोहे, सगळं मराठीतच. कुणाला आवाज आहे, कुणाला नाही. या बुधवारी माझ्याकडे आहे, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते.

झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर डॉक्टरांनाही दाखवा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ वर फुकट बोलता येतं. माझे मिस्टर गेले तेव्हा मी सहा महिने कुणाला काही सांगितलं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

धागाकर्ती

पाळकसाहेब, २ तीमथ्य ४ काल रात्री दोनदा वाचला. झग्याचा उल्लेख आजवर कितीदा ऐकला असेन, पण त्या माणसाला थंडी वाजत असेल हे कधी मनात आलं नव्हतं. दादाला फोन अजून जमणार नाही. ओळ म्हटली, हळू आवाजात.

विजयनगरच्या ताई, पत्ता मिळाला. मी अन्नपूर्णा रोडकडून ऑटोने येईन. किती वाजता येऊ? आणि पोहे मी करून आणले तर चालतील का? दोन माणसांच्या मापाने करायची सवय राहिली आहे, सहा जणींना किती घ्यावे तेवढं सांगा.