मॉरिशसला मुलांसह स्थलांतर : ठाण्यातून आलेली विचारणा आणि मंडळातील उत्तरे

विषय : दोन लहान मुलांसह मॉरिशसला येण्याविषयी
प्रेषक : नौपाडा, ठाणे येथून

मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार.

माझ्या यजमानांना मॉरिशसमधील एबेन येथे संगणक क्षेत्रातील नोकरी देऊ करण्यात आली आहे. पगार, करार आणि निवासाचा परवाना यांविषयी कंपनीने पुरेशी माहिती दिली आहे. परंतु घर आणि मुले सांभाळणाऱ्या व्यक्तीला जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे त्या कागदांत नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमची मुलगी सहा वर्षांची असून पहिलीत शिकते. मुलगा तीन वर्षांचा आहे आणि त्याला बालदम्याचा त्रास आहे, त्यामुळे पावसाळ्यात घरात नेब्युलायझर हाताशी ठेवावा लागतो. सासूबाई आणि सासरे आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतात, आणि मुलांची संध्याकाळ रोज त्यांच्यासोबत तलावपाळीवर जाते. आम्ही गेलो तर त्यांच्या आयुष्यात पडणारी पोकळी मला स्पष्ट दिसते आहे. तरीही दोघांनीही आम्हाला जाण्यास मनापासून सांगितले आहे.

बेट म्हटले की लोक किनाऱ्यांची छायाचित्रे पाठवतात. मला मात्र हे जाणून घ्यायचे आहे की तिथे घर कोणत्या भागात घ्यावे, मुलाच्या औषधांची व्यवस्था कशी होते, मुलीची शाळा कोणत्या भाषेत चालते, आणि इकडे काही अडचण उद्भवली तर आम्ही किती लवकर परत येऊ शकतो. ज्यांनी मुलांसह हा प्रवास केला आहे, त्यांनी आवर्जून लिहावे.

आपली नम्र,
नौपाड्याची एक सभासद

विषय : उत्तर – दोन लहान मुलांसह मॉरिशसला येण्याविषयी
प्रेषक : कात्र बोर्न, मॉरिशस येथून

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळची नेरूळची. लग्नानंतर इथे आले आणि माझी दोन्ही मुले इथल्याच शाळेत जातात. तुमचे सर्व प्रश्न माझ्या मते एकाच जागी येऊन मिळतात, म्हणून त्या जागेपासूनच सुरुवात करते. बेटावरचे एरवीचे जीवन सोपे आणि शांत असते. परंतु अधूनमधून असे दिवस येतात की विमाने उडत नाहीत, जहाजे बंदराला लागत नाहीत, शाळा भरत नाहीत आणि घराबाहेर पडण्यास मनाई असते. लहान मुलांच्या आईने घर, औषधे आणि शाळा यांविषयीचे निर्णय त्या दिवसांचा विचार करून घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

भूगोलाच्या दृष्टीने ठाणे शहरही साष्टी बेटावरच वसलेले आहे. परंतु कळव्याचा पूल ओलांडताना आपण बेट सोडत आहोत असे कुणाला जाणवत नाही, कारण पलीकडचा भाजीपाला, डॉक्टर आणि नातेवाईक सारे त्याच पुलावरून ये-जा करत असतात. मॉरिशसजवळ असा पूल नाही. शेजारचे रियुनियन हे फ्रेंच बेट सोडले, तर मोठी भूमी म्हणावी ती मादागास्करची, आणि तीही सुमारे ८०० किलोमीटर दूर आहे. इथे खाल्ले जाणारे बहुतांश धान्य बाहेरून येते. भारताने जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा मॉरिशससाठी १४,००० टन तांदळाची वेगळी परवानगी द्यावी लागली होती. आपल्या स्वयंपाकघरातील तांदळाचा डबा दोन सरकारांच्या निर्णयावर अवलंबून असतो, हे मला इथे येण्यापूर्वी कधी सुचलेही नव्हते. म्हणून तांदूळ, डाळी, पीठ आणि दुधाची भुकटी यांचा काही आठवडे पुरेल इतका साठा आम्ही घरात कायम ठेवतो.

आता घराविषयी. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ असतो. वादळाचे इशारे एक ते चार अशा चढत्या श्रेणींत दिले जातात. ताशी १२० किलोमीटर वेगाचे झोत प्रत्यक्ष नोंदले गेले आणि ते तसेच सुरू राहण्याची चिन्हे असली की चौथा इशारा लागू होतो, आणि तेव्हा कुणीही घर सोडायचे नसते. १९६० च्या कॅरोल वादळात हजारो घरे कोसळली आणि त्यानंतर इथे काँक्रीटची घरे बांधण्यावर भर दिला गेला, त्यामुळे चांगल्या घरात वाऱ्याची भीती फारशी राहत नाही. पाण्याची भीती मात्र राहते. ३० मार्च २०१३ रोजी राजधानी पोर्ट लुईमध्ये अचानक आलेल्या पुरात ११ माणसे दगावली, आणि जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी त्याच शहरातील रस्त्यांवरून मोटारी वाहत गेल्या. २६ जुलै २००५ पाहिलेल्या ठाणेकरांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. घर पाहताना ते ओढ्याच्या काठी किंवा सखल भागात नाही ना, खिडक्यांना झडपा आहेत का, आणि पाण्याची स्वतंत्र टाकी आहे का, हे आधी विचारावे. पावसाळा सुरू होण्यापूर्वीच्या कोरड्या महिन्यांत इथेही नळाचे पाणी ठरावीक वेळेतच येते, त्यामुळे टाकीशिवाय लहान मुलांचे घर चालवणे फार कष्टाचे होते.

तुमच्या मुलाच्या दम्यामुळे माझे एक मत ठाम आहे. मध्यभागीच्या पठारावरील क्यूरपिप हे गाव सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा थंड असते आणि घरभाडी आकर्षक वाटतात, परंतु पाऊस आणि धुके इतके असते की भिंतींना आणि कपाटांना बुरशी धरते. अशा घरात दम्याच्या मुलाला ठेवू नये. पश्चिम किनारा कोरडा आहे, पण तिथून एबेनला रोज जाण्या-येण्यात तुमच्या यजमानांचा बराच वेळ जाईल आणि वादळाच्या दिवशी ते घरापासून दूर असतील. एबेनच्या जवळची रोझ हिल आणि कात्र बोर्न ही गावे पठाराच्या उतारावर आहेत. तिथे मेट्रो आहे, भाजीबाजार चालत जाण्याइतका जवळ आहे, आणि हवा दोन्ही टोकांच्या मधली आहे. मी तिथेच राहते म्हणून सांगते आहे असे समजू नका. एबेनमध्ये नोकरी आणि घरात लहान मुले असलेल्या कुणालाही मी हेच सांगेन.

औषधांच्या बाबतीत, डॉक्टरांकडून चिठ्ठीवर व्यापारी नावासोबत मूळ औषधाचे नाव आणि मात्रा लिहून घ्या, कारण तेच औषध इथे वेगळ्या नावाने मिळू शकते. इनहेलरचा एक जादा संच नेहमी घरात असावा आणि तो संपण्याची वाट न पाहता नवा आणावा. नेब्युलायझर विजेवर चालणारा असेल तर बॅटरीवरचा घ्या, कारण वादळात वीज जाते. कंपनीच्या आरोग्य विम्यात मुलांचा समावेश आहे का आणि परदेशातील उपचारांचा खर्च त्यात बसतो का, हे करारावर सही करण्यापूर्वी लेखी विचारावे. जे उपचार इथे होत नाहीत त्यांसाठी इथल्या रुग्णांनाही भारतात पाठवले जाते, त्यामुळे हा प्रश्न केवळ काल्पनिक नाही.

समुद्राविषयी थोडक्यात लिहिते. प्रवाळाच्या कड्यामुळे बहुतेक किनाऱ्यांवरचे पाणी शांत असते, पण दक्षिणेला ग्री-ग्री भागात तो कडा नाही आणि तिथल्या लाटांत कुणीही उतरू नये. उथळ पाण्यातही दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो, म्हणून मुलांना रबरी बूट घातल्याशिवाय पाण्यात सोडायचे नाही.

आपली,
नेरूळची, आता कात्र बोर्नची

विषय : उत्तर – शाळा, कागदपत्रे आणि घरची वडीलधारी माणसे
प्रेषक : पाचपाखाडी, ठाणे येथून

सौ. ताईंना सप्रेम नमस्कार.

मी आणि माझी पत्नी मॉरिशसमध्ये बरीच वर्षे राहून आता ठाण्यात परतलो आहोत. वरील पत्रातील घर आणि औषधांविषयीच्या सूचनांशी मी पूर्ण सहमत आहे, म्हणून केवळ राहिलेल्या गोष्टींविषयी लिहितो.

तिथले शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते. वर्गात अधिकृत माध्यम इंग्रजी असते, फ्रेंच हा विषय पहिलीपासून असतो, आणि मैदानावर सगळी मुले क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या तिथल्या बोलभाषेत, बोलतात. ठाण्याहून गेलेले मूल पहिले काही महिने बहुधा गप्प राहते. त्या काळात मूल मागे पडले असे समजून शिकवण्यांचा मारा करू नये. त्याला शेजारच्या मुलांबरोबर भरपूर खेळू द्यावे, कारण क्रिओल तिथूनच येते आणि तिच्या आधाराने फ्रेंच सोपी होते.

तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू यांच्याबरोबर मराठी हाही ऐच्छिक विषय आहे. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी करारबद्ध मजूर तिथे नेले गेले, आणि त्यांत कोकणातून गेलेली मराठी कुटुंबे होती. त्यांचे वंशज घरी क्रिओल बोलतात, पण गणपती बसवतात, कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारी झाकरी नाचतात आणि मुलांना देवनागरी शिकवतात. गणेशोत्सवाची तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आपल्या मुलीला मराठीच्या तासाला अवश्य बसवा. तिला अक्षरे आधीच येत असतील, तरीही जी मुले पाच-सहा पिढ्यांनंतर ही भाषा जपण्यासाठी धडपडत आहेत, त्यांच्याशेजारी बसणे मला फार मोलाचे वाटते. तिथे नव्याने गेलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांनी केवळ आपापसांत न राहता या जुन्या मराठी समाजात मिसळावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कागदपत्रांपैकी जन्मदाखले प्रथम तपासा. महापालिकेच्या अनेक दाखल्यांवर बाळाचे नाव लिहिलेले नसते. ते नोंदवून घेण्यातच वेळ जातो. त्यानंतर राज्य शासनाकडून प्रमाणित करून परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का, घ्यावा. लसीकरणाच्या नोंदी इंग्रजीत आणि डॉक्टरांच्या शिक्क्यासह असाव्यात.

आता आपल्या सासूबाई-सासऱ्यांविषयी. विमानप्रवास सुमारे सहा तासांचा आहे आणि घड्याळात केवळ दीड तासाचा फरक आहे, त्यामुळे आजी-आजोबांशी रोज संध्याकाळी बोलणे सहज जमते. परंतु मार्च २०२० मध्ये मॉरिशसने आपल्या सीमा बंद केल्या आणि त्या पूर्णपणे खुल्या होण्यास १ ऑक्टोबर २०२१ उजाडला. त्या पहिल्या टाळेबंदीत किराणा घेण्यासाठी कोणत्या दिवशी जायचे हेही आडनावाच्या आद्याक्षरावरून ठरवले गेले होते. असा काळ पुन्हा येईलच असे नाही, पण तो आला तर ठाण्यातील आई-वडिलांचे काय, याची व्यवस्था इथून निघण्यापूर्वी झाली पाहिजे. बँकेची कामे कोण करील, रात्री डॉक्टरांकडे कोण नेईल, घराची दुसरी किल्ली कोणाकडे असेल, हे त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या संमतीने आणि लेखी ठरवावे. ‘होईल काहीतरी’ या भरवशावर वृद्धांना ठेवू नये.

शेवटची सूचना. शक्य असल्यास निर्णयापूर्वी फेब्रुवारीत एकदा तिथे जाऊन या. भारतीयांना पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. फेब्रुवारीत तिथे उन्हाळा असतो. हिवाळ्यातले मॉरिशस सर्वांनाच आवडते. उकाड्यातले आणि वादळी इशाऱ्यांतले मॉरिशस मानवले, तरच पुढचा विचार करावा.

आपला शुभचिंतक,
पाचपाखाडीचा एक ज्येष्ठ सभासद

विषय : आभार आणि एक प्रश्न
प्रेषक : नौपाडा, ठाणे येथून

ताई आणि काका, आपले दोघांचेही मनःपूर्वक आभार.

दोन्ही पत्रे मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी बँकेची कागदपत्रे काढून ठेवली आणि दुसरी किल्ली कोणाकडे द्यायची तेही स्वतःच सांगितले. मुलाच्या जन्मदाखल्यावर नाव नाही हे आमच्या आता लक्षात आले असून तो अर्ज महापालिकेत दिला आहे.

आम्ही असे ठरवले आहे की यजमान वर्षअखेरीस एकटे जातील आणि एक वादळी हंगाम तिथे काढतील. फेब्रुवारीत मी मुलांना घेऊन काही दिवसांसाठी तिथे येईन, मुलाला ती हवा मानवते का हे पाहीन, आणि त्यानंतरच सर्वांनी राहायला येण्याचे नक्की करू. कंपनीने विम्याविषयीचे उत्तर लेखी देण्याचे मान्य केले आहे आणि ते हाती आल्याशिवाय सही होणार नाही.

सर्व नीट जमले तर मुलीचा प्रवेश वर्षाच्या मध्यावर, एप्रिलच्या सुमारास घ्यावा लागेल. कात्र बोर्न किंवा रोझ हिल येथे मराठी विषय असलेल्या कोणत्या शाळा मधल्या सत्रात प्रवेश देतात, हे तिथे राहणाऱ्या पालकांनी कळवल्यास फेब्रुवारीच्या भेटीत मी त्या शाळांना प्रत्यक्ष भेट देऊ शकेन.

आपली नम्र,
नौपाड्याची एक सभासद