प्रेस फिट घसरतो आहे: खडबडीतपणाचा हिशेब कसा करावा?

प्रश्न (रबाळे, नवी मुंबई)
नमस्कार. आमच्या वर्कशॉपमध्ये ५० मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टवर पोलादी हब (चाकाचा किंवा गिअरचा शाफ्टवर बसणारा मधला भाग) कीवे (चावी बसवायची खाच) न पाडता, केवळ प्रेस फिटने, म्हणजे भोकापेक्षा किंचित जाड शाफ्टवर जोराने दाबून, बसवले जातात. फिट एच७/एस६ (भोक आणि शाफ्टच्या मापांच्या ठरलेल्या मर्यादांची जोडी) आहे. मापे मर्यादेत असूनही भार अचानक वाढला की काही हब शाफ्टवर फिरतात, काही मात्र घट्ट राहतात. शाफ्ट आणि बोअर (हबचे भोक) दोन्हींचे फिनिशिंग लेथवरच होते आणि आरझेड (खडबडीतपणाचे माप: पृष्ठभागाच्या माथ्यांपासून खाचांपर्यंतची सरासरी उंची) सुमारे १० मायक्रॉन येते. सुपरवायझर म्हणतात की खरखरीत पृष्ठभाग जास्त पकडतो, त्यामुळे ग्राइंडिंगवर खर्च करण्याची गरज नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर (वागळे इस्टेट, ठाणे)
प्रेस फिटच्या बाबतीत हे बरोबर नाही. मायक्रोमीटर टेकतो तो लेथच्या टूलने पाडलेल्या चऱ्यांच्या माथ्यांवर, आणि हब दाबून बसवताना नेमके हेच माथे चेपले जातात; म्हणजे कागदावर दिसणारा इंटरफिअरन्स (शाफ्ट भोकापेक्षा जितका जाड असतो तो फरक) पूर्णपणे हाती लागत नाही. डीआयएन ७१९० या जर्मन मानकानुसार दोन्ही पृष्ठभागांच्या आरझेडच्या बेरजेच्या ०.८ पट इतकी घट धरतात. तुमच्या बाबतीत ती १६ मायक्रॉन होते. या फिटमध्ये इंटरफिअरन्स १८ ते ५९ मायक्रॉन असतो, त्यामुळे सर्वांत सैल जोडीत जेमतेम २ मायक्रॉन उरतात, तर सर्वांत घट्ट जोडीत ४३. काहीच हब का फिरतात, याचे उत्तर बहुधा इथेच आहे. दोन्ही भाग ग्राइंड करून आरझेड ४ वर आणले, तर घट ६.४ मायक्रॉनवर येईल आणि सैल जोडीतही ११.६ मायक्रॉन उरतील. पृष्ठभागांमधला दाब, आणि म्हणून जोड पेलू शकेल तो टॉर्क (फिरवणारा जोर), याच उरलेल्या इंटरफिअरन्सच्या प्रमाणात बदलतो. फिरलेला हब काढून शाफ्टकडे तिरक्या उजेडात पाहा: चऱ्यांचे माथे चकाकलेले आणि खाचा तशाच मंद दिसल्या, तर प्रत्यक्ष संपर्क किती थोड्या जागेत होता हे डोळ्यांनाच कळेल.

उत्तर (महापे, नवी मुंबई)
वरील हिशेबाशी सहमत आहे. एक भर घालतो: शक्य असल्यास हब दाबण्याऐवजी तापवून बसवा. खोलीच्या तापमानापेक्षा १५० अंश सेल्सिअसने तापवला, तर ५० मिलिमीटरचा बोअर सुमारे ८५ मायक्रॉनने मोठा होतो आणि माथे खरवडले न जाता हब सरकतो. तेल लावून दाबलेल्या जोडासाठी घर्षणांक साधारण ०.१ धरतात, तेल पूर्ण पुसून, तापवून बसवलेल्या जोडासाठी तो ०.२ च्या आसपास धरता येतो.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. मग बोल्टने आवळलेल्या प्लेटांना ग्रिट ब्लास्टिंग (कठीण कणांचा जोरदार मारा) करून मुद्दाम खरखरीत का केले जाते?

उत्तर (वागळे इस्टेट, ठाणे)
कारण तिथे दाब बोल्टच्या ताणातून येतो, इंटरफिअरन्समधून नाही. पोलादी बांधकामाच्या आयएस ८००:२००७ या भारतीय मानकात कोणतीही प्रक्रिया न केलेल्या पृष्ठभागासाठी घर्षणांक ०.२० आहे, तर ब्लास्टिंग करून सुटा गंज काढलेल्या, खड्डे नसलेल्या पृष्ठभागासाठी ०.५०. अर्थात माथे तिथेही चेपतात आणि बोल्टचा ताण थोडा उतरतो; म्हणून सर्व बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळून पहिल्या बोल्टपासून पुन्हा तपासावेत. हबची आरझेड मोजताना मात्र प्रोब शाफ्टच्या लांबीच्या दिशेने फिरवा. परिघाच्या दिशेने फिरवल्यास तो चऱ्यांना समांतर जातो आणि आकडा फसवा, कमी येतो.