वर्षभर शिकारीच्या मांसावर घर चालते का?

गोदाकाठची (इंदिरानगर, नाशिक)

माझा धाकटा भाऊ गेली नऊ वर्षे अमेरिकेत मोंटाना राज्यात, बोझमन गावाजवळ राहतो. त्याच्या सासरी शिकारीची जुनी परंपरा आहे आणि लग्नानंतर तोही रीतसर प्रशिक्षण व परवाना घेऊन शिकार करू लागला. गेली चार वर्षे त्यांच्या घरात दुकानातले मांस जवळजवळ येतच नाही. शरद ऋतूत मिळवलेले एल्क आणि हरणाचे मांस फ्रीझरमध्ये ठेवून चौघांचे कुटुंब पुढच्या शरदापर्यंत तेच खाते. येत्या उन्हाळ्यात मी आणि आई तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे जाणार आहोत. आई मटण खाते, परंतु पंचवटीत वाढल्यामुळे हरीण म्हटले की तिला सीतेचा सुवर्णमृग आठवतो आणि ताटात ते कसे घ्यावे, असा प्रश्न पडतो. तो प्रश्न तिचा तिने सोडवावा. माझे प्रश्न साधे आहेत. इतके मांस वर्षभर खरोखर पुरते का, आणि दोन लहान मुलांना ते रोज देणे सुरक्षित आहे का? शिवाय माझ्या यजमानांचे एक परिचित आपल्या जिल्ह्यातल्या पेठ तालुक्याकडून रानडुकराचे मांस आणून देतो म्हणतात. तेही असेच आरोग्यदायी समजून घ्यावे काय?

बर्फातला नाशिककर

ताई, मी मूळचा सातपूरचा आणि आता बारा वर्षे मोंटानातच आहे, त्यामुळे स्वतःच्या घरचा हिशेब सांगतो. चार माणसे आठवड्यातून पाच दिवस मांस खात असतील आणि एका वेळी अर्धा किलो लागत असेल, तर वर्षाला १३० किलो बिनहाडाचे मांस हवे. एल्क हे सांबरासारखे दिसणारे, पण अंगाने त्याहून मोठे जनावर आहे. त्याच्या मादीतून साधारण ७५ ते ८० किलो निव्वळ मांस निघते आणि एका मोठ्या हरणातून सुमारे २५ किलो. म्हणजे एक एल्क आणि दोन हरणे मिळाली तर वर्ष निघते. अडचण अशी की एल्क दरवर्षी मिळत नाही. येथील बंदुकीचा मुख्य हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत सुमारे पाच आठवड्यांचा असतो, आणि मी स्वतः दोन हंगाम पहाटेपासून बर्फात चालून रिकाम्या हाताने परतलो आहे. अशा वर्षी शेजारी किंवा नातेवाईक आपल्यातला वाटा देतात, कारण शिकारीचे मांस येथे विकता येत नाही, फक्त देता येते. दुकानात दिसणारे हरणाचे मांस पाळलेल्या जनावरांचे असते, आणि त्यातले पुष्कळसे न्यूझीलंडहून आलेले असते.

बंदूक चालवण्याचे काम एका क्षणाचे असते. घर चालते ते त्यानंतरच्या कामावर. जनावर पडताच पोट उघडून आतडी काढावी लागतात, कारण अंगातली ऊब राहिली तर मांस हाडाजवळून नासू लागते. मग चार फऱ्या करून ते पाठीवरून डोंगराखाली आणायचे, थंड जागेत काही दिवस टांगून मऊ होऊ द्यायचे आणि नंतर सगळ्या घराने दोन दिवस ओट्याशी उभे राहून कापायचे. पांढरा चिवट पडदा आणि चरबी पूर्ण काढावी लागते. हरणाची चरबी बोकडाच्या चरबीसारखी नसते, ती तोंडात मेणासारखी टाळूला चिकटते आणि फ्रीझरमध्ये तिलाच प्रथम खवट वास येतो. हवा काढून बंद केलेली पाकिटे उणे १८ अंशांवर वर्षभर चांगली राहतात. प्रत्येक पाकिटावर तारीख आणि भाग लिहायचा, एवढी शिस्त मात्र हवी, नाहीतर जूनमध्ये हाती येते ते नुसते खिम्याचे गोळे.

स्वयंपाकाबद्दल आईंना सांगा की पाय आणि खांद्याचे मांस आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यासाठीच जन्माला आले आहे. कुकरमध्ये मटणापेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्याव्यात. पाठीच्या कण्यालगतचा लांब तुकडा मात्र कधीही शिजवत ठेवू नये. तो तुपावर दोन्ही बाजूंनी परतून लगेच उतरवावा, नाहीतर चामड्यासारखा होतो. खिमा फार कोरडा असतो, म्हणून त्यात बोकडाची थोडी चरबी किंवा सढळ तेल घालावे.

डॉक्टर देवळालीवाले

मुलांच्या संदर्भात दोन गोष्टी भावाला स्पष्टपणे विचाराव्यात. पहिली, तो कोणती गोळी वापरतो. शिशाची गोळी जनावराच्या अंगात फुटते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच दूरवर पसरतात. सन २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरजूंना वाटण्यासाठी दिलेल्या हरणाच्या मांसात असे शिसे आढळले होते. वाढत्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानलेली नाही, त्यामुळे जेथे मुले किंवा गरोदर स्त्री रोज हे मांस खाते तेथे तांब्याचीच गोळी असावी, आणि तरीही जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाकावे. दुसरी गोष्ट हरणांना झिजवत मारणाऱ्या मेंदूच्या रोगाची. कोलोरॅडोत १९६७ मध्ये प्रथम दिसलेला हा रोग मोंटानाच्या रानातील हरणांत २०१७ मध्ये आढळला. तो माणसाला झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. परंतु त्याला कारण होणारे विकृत प्रथिन शिजवल्याने नष्ट होत नाही, म्हणून जनावराचा नमुना तपासून निकाल येईपर्यंत त्याचे मांस वेगळे ठेवावे आणि दोष निघाल्यास खाऊ नये.

पोषणाच्या दृष्टीने हे मांस उत्तम आहे. त्यात प्रथिने आणि लोह भरपूर आणि चरबी अगदी थोडी असते. नुसत्या अशा मांसावर राहणाऱ्यांना चरबी व पिष्ट न मिळाल्याने मळमळ, जुलाब आणि अशक्तपणा येतो, पण भात, भाकरी आणि वरण सोबत असेल तर ही भीती नाही.

निवृत्त वनरक्षक (हरसूल)

पेठच्या प्रस्तावाला ताईंनी ठामपणे नाही म्हणावे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे, आणि कलम ३९ नुसार मारले गेलेले वन्य जनावर सरकारी मालमत्ता ठरते. त्यामुळे मांस विकत घेणारा आणि घरात ठेवणाराही गुन्ह्यात येतो. रस्त्यावर गाडीखाली आलेले रानडुक्कर उचलणेसुद्धा त्यातच मोडते. मोंटानात २०१३ पासून गाडीने उडवलेले हरीण परवाना काढून घरी नेता येते, असे ऐकल्यावर आमच्याकडच्या मुलांना नवल वाटते. येथे तसे नाही, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. चोरून मारलेल्या डुकराची तपासणी कोणीही केलेली नसते आणि अर्धवट शिजलेल्या डुकरातून जंत अंगात जातात, हे वेगळेच.

माझ्या आजोबांच्या काळी आमच्या पाड्यावर शिकार होत असे, हे मी लपवणार नाही. पण तेव्हाही तिच्यावर कोणाचे घर वर्षभर चालले नाही. आमच्या उष्म्यात मांस टांगून ठेवता येत नव्हते, म्हणून सूर्य मावळण्याआधी वाटे पडत, ज्याच्या घरी म्हातारे माणूस असे त्याला वाटा पोहोचे, आणि उरलेच तर मीठ लावून चुलीवरच्या धुरात सुकवत. वर्ष निघे ते नागली, वरई, उडीद, पावसातले खेकडे आणि मासे यांवर. मोंटानाच्या माणसाजवळ थंडी आहे, वीज आहे, मोजून दिलेले परवाने आहेत आणि विस्तीर्ण रान आहे. आपल्या जिल्ह्यात उरलेल्या रानाचा हिशेब केला, तर शहराच्या एका पेठेलाही ते एक आठवडा पुरणार नाही.

गोदाकाठची

सर्वांची मनापासून आभारी आहे. पेठच्या गृहस्थांना आजच नकार कळवला. भावाशी काल रात्री बोलले. तो दोन वर्षांपासून तांब्याची गोळी वापरतो, परंतु फ्रीझरच्या तळाशी त्याआधीची काही पाकिटे आहेत, ती मुलांना न देण्याचे त्याने मान्य केले. गेल्या वर्षीच्या दोन्ही हरणांचे तपासणी अहवाल त्याने पाठवले आहेत आणि दोन्ही निर्दोष आहेत. आईने अजून होकार दिलेला नाही, मात्र काळा मसाला दोन किलो करावा की तीन, हे तिने आज सकाळी विचारले.