प्रतिसाद: गळा वयावरून नको, डोक्यावरून ठरवा

लहान मुलांचे स्वेटर विणण्याबद्दलच्या मूळ लेखात म्हटलंय, की छातीचं माप बरोबर असेल तर स्वेटर बसतोच. मोठ्यांच्या बाबतीत पटतं, दीड-दोन वर्षांच्या मुलांना ते लागू नाही. या वयात डोक्याचा घेर साधारण ४७-४८ सेंटीमीटर असतो, म्हणजे जवळजवळ छातीएवढाच. नातीचा पहिला स्वेटर मी बंद गळ्याचा विणला. छातीत छान बसत होता, पण डोक्यातून जाईना आणि ती रडून लाल झाली. फार वाईट वाटलं. गळपट्टी उसवली, डावा खांदा मोकळा ठेवून तिथे तीन चपटी बटणं लावली. तेव्हापासून खांद्यावर बटणंच. गळ्याचे टाके बंद करताना दोन नंबर जाड सुई घ्या, म्हणजे पट्टी दहा नंबरच्या सुईने विणली असेल तर आठची. आपल्याकडे नंबर कमी तशी सुई जाड. गळा चांगला ताणला जातो.

टोपी मात्र डोक्यापेक्षा चार-पाच सेंटीमीटर कमीच हवी, नाहीतर डोळ्यांवर येते. माझ्या हाताने १० सेंटीमीटरात २२ टाके येतात, म्हणून ४४ सेंटीमीटरला ९६ टाके घातले. दोन सुलट-दोन उलट विणायला चारने भागही जातो. तुमचा हात सैल असेल तर आधी छोटा तुकडा विणून मोजाच. आणि पुण्यात डिसेंबरची सकाळ कितीही गार असली तरी अकरापर्यंत ऊन तापतं, त्यामुळे पुढून उघडणारा, बिनबाह्यांचा स्वेटर जास्त वापरला जातो. झोपताना टोपी काढून ठेवा.